बोरीचा उमेदवार

१५ जानेवारी १९४६, बोरी

कप्तान मसूद म्हणतात, उडणाऱ्या माणसानं रोज लिहावं, पण काय चुकलं तेवढंच. काय बरोबर झालं ते विमान जमिनीवर उभं असतं त्यावरून दिसतं.

पहिली चूक: काल संक्रांतीच्या दिवशी घरी खरं सांगितलं.

आबांची समजूत होती की मी हैदराबादेत वकिली शिकतोय. वकिली दिनकरमामा करतात. मी त्यांच्याकडं राहून बेगमपेठच्या क्लबात कप्तान मसूदांच्या हाताखाली विमान चालवायला शिकलो. आता लायसन हातात आहे. प्रवासी नेणारी नवी कंपनी निघतेय, तिला वैमानिक हवेत. मी अर्ज केला. सोळा फेब्रुवारीला, शनिवारी, बोलावणं आहे. बाकीचे उमेदवार लढाईवरून परतलेले. कुणी ब्रह्मदेशावर उडालंय, कुणी आफ्रिकेत. माझ्याकडं नियमाला लागतात तेवढेच उड्डाणाचे तास आहेत, तेही बहुतेक निरभ्र दिवसांचे.

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हवेत थांबतंय का ते?"

"न्हाई आबा. थांबलं की पडतंय."

"बरं."

पोळी तशीच ठेवून उठले. पोट ठीक नसावं. पण 'नको' म्हणाले नाहीत, म्हणजे पसंत आहे.

१८ जानेवारी

निघताना कप्तान मसूद म्हणाले होते, "मियाँ, तुम हवा में ठीक हो. जमीन पर मार खाओगे."

जमीन म्हणजे डॉक्टर आणि साहेब. डॉक्टर खुर्चीत बसवून गरगर फिरवतात आणि लगेच सरळ रेषेवर चालायला लावतात. नळीत फुंकून पारा वर धरून ठेवायला सांगतात. वजन बघतात. साहेब एकच प्रश्न विचारतो: पायलट का व्हायचंय?

फिरणारी खुर्ची बोरीत नाही. चरक आहे. आमचं गुऱ्हाळ चालू आहे, बैल दिवसभर चरकाभोवती फिरतात. बैल ओढतात त्या आडव्या दांड्याच्या, लाटेच्या, टोकावर मी उलटं तोंड करून बसलो.

गुऱ्हाळाचा सटवाजी म्हणाला, "धाकले मालक, चरकात ऊस घालत्यात. मालक बसवीत न्हाईत."

"तू बैल हाक."

उतरलो आणि सरळ रेषेत चाललो, असं मला वाटलं. सटवाजीनं काहिलीपाशी धरलं म्हणून गूळ वाचला.

२१ जानेवारी

आबा एवढ्या थंडीत स्वतः गुऱ्हाळावर आले. सटवाजीच्या हातातला चाबूक घेतला आणि बैल पळवले. इतकी आस्था मला अपेक्षित नव्हती. मी दोनदा ओकलो.

"भरलं का मन?" आबांनी विचारलं.

"न्हाई. अजून जोरात."

आबांनी चाबूक सटवाजीला परत दिला. चेहरा उतरला होता. बैलांना धाप लागली होती, त्याची काळजी असणार.

घरी येऊन बायकोला, मनकर्णेला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मामंजी तुमाला कदी जत्रंतल्या पाळण्यात बसू देत नव्हते म्हणं. आन आज सोता फिरवायलेत."

"माणूस बदलतो," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी जरा जास्तच भाजू दिली.

२५ जानेवारी

आता उतरून लगेच चालता येतं. आकाश थोडं हलतं, पण पाय हलत नाहीत.

आबांनी डिंकाचे लाडू करायला सांगितलेत. सकाळी चार, संध्याकाळी चार. म्हणतात, पायलटाच्या अंगात ताकद पाहिजे. मी त्यांना सांगितलं की वजन वाढलं तर डॉक्टर नापास करतात. हे ऐकल्यावर त्यांनी तूप वाढवायला सांगितलं. बहुधा नीट ऐकलं नसावं.

लाडूंचा डबा मनकर्णेकडं असतो. माझ्या ताटात एक येतो. डबा मात्र रोज रिकामा होतो. सटवाजीला धोतर आवळ व्हायला लागलंय.

२९ जानेवारी

आज दमाचा सराव. विहिरीत बुडी मारून तळाची कपार धरून बसलो. छाती फुटायला आली तरी सोडली नाही. पारा वर धरायचा तर एवढं हवंच.

वर आलो तो आबा पाण्यात. फेटा, कोट, जोडे, सगळ्यासकट. त्यांना पोहता येत नाही. मीच ओढून पायरीवर बसवलं.

"आबा, पाण्यात कशाला आलाव?"

ते खोकत होते. मग म्हणाले, "पाय सटकला."

पाय सटकलेला माणूस विहिरीच्या मधोमध कसा पडतो, हे मला समजलं नाही. उन्हानं चक्कर आली असावी.

आई त्यांचा फेटा पिळत म्हणाली, "तुला न्हाई म्हणता येत न्हाई त्यायला. जलमल्याधरनं कदी म्हणले न्हाईत." मग नेहमीचं. माझ्या आधीचे दोघं वर्षाचेही झाले नाहीत, मला नवसानं वाढवलं, वगैरे. ओला फेटा किती जड होतो याकडं माझं लक्ष होतं.

३ फेब्रुवारी

आबा जिंतूरला हकीमसाहेबांकडं घेऊन गेले. म्हणाले, तिकडच्या डॉक्टरच्या आधी आपल्या माणसाला दाखवावं. ते आधी एकटेच आत गेले. मग मला बोलावलं आणि स्वतः ओट्यावर बसले.

हकीमसाहेबांनी नाडी धरली. डोळे मिटले. "बेटा, मिजाज गर्म आहे. उंची मानवणार नाही."

"मी तर नऊ हजार फुटांवर जाऊन आलोय."

त्यांनी दाराकडं पाहिलं. पुन्हा नाडी धरली. "त्याच्यावर मानवणार नाही."

"कंपनीचं विमान तेवढंच उडतं."

त्यांनी पुन्हा दाराकडं पाहिलं. या वेळी जरा अजिजीनं. मग मला खमिरा नावाचं गोड चाटण दिलं आणि देवाचं नाव घ्यायला सांगितलं.

परतताना आबांनी विचारलं, "काय म्हणले?"

"नऊ हजारापर्यंत हरकत नाही."



८ फेब्रुवारी

आज नुसता प्रश्न. पायलट का व्हायचंय?

सटवाजीला विचारलं, माणूस कशाला उडत असेल. म्हणाला, "वर मुकादम नसतोय म्हून." उत्तर चांगलं आहे, पण साहेबाला सांगता येणार नाही. तोच मुकादम.

मनकर्णेला विचारलं. म्हणाली, "खरं काय हाय ते सांगा."

"खरं काय आहे ते मला माहीत नाही."

"मंग तेच सांगा."

हे लिहिताना कुणी बघत नाही म्हणून लिहितो. पहिल्यांदा एकटा वर गेलो तेव्हा कधीच उतरू नये असं वाटलं, आणि ताबडतोब उतरावं असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. पुढच्या जागेवर कप्तान मसूदांचं डोकं नव्हतं, नुसती हवा होती. तळहात इतके ओले झाले की दांडा निसटत होता. ढगात मी अजून घाबरतो. लढाईवरून आलेले घाबरत नसतील. साहेबानं आम्हाला शेजारीशेजारी उभं केलं तर त्याला निवडायला वेळ लागणार नाही.

ही जागा मिळाली नाही तर मी काय करीन, याचं उत्तर मात्र मला माहीत आहे. चरकाभोवती फिरेन. लाटेवर बसून नव्हे, बैलांमागून.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी परभणीला गाडी धरायला निघणार होतो. आबांनी नेमकी आजच गुऱ्हाळाची शेवटची पूजा ठेवली. घरच्या मुलानं पूजा टाकून जायचं नाही. मग उद्या निघायचं, तर उद्या गुरुवार. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, तिकडं निघणं अशुभ. आई दारात आडवी बसली.

तोडगा आबांनीच सांगितला. आज प्रस्थान ठेवायचं. आपली वस्तू आज मुहूर्तावर, जायच्या दिशेला, गावाबाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली की प्रवास आजच सुरू झाला असं धरतात. उद्या जाता जाता वस्तू उचलायची. ठेवलेलं प्रस्थान मागं फिरवायचं नसतं, एवढाच नियम.

मी हसलो. मग आठवलं, कप्तान मसूदसुद्धा विमानाच्या चाकाला हात लावल्याशिवाय वर चढत नाहीत.

सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ. आई म्हणाली, "ज्याच्या जोरावर जायलास ते पुढं गेलं पायजे." म्हणून लायसन, तासांची वही आणि बोलावण्याचा कागदही पिवळ्या फडक्यात बांधला.

"कुणाच्या घरी ठिवायचं?"

आबा म्हणाले, "येडबाच्या पालावर. परभणीच्या अंगाला तेवढंच बिऱ्हाड हाय."

येडबा हटकर आमच्या खालच्या रानात मेंढ्या बसवून आहे. त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं, गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि पालाच्या खांबाला टांगलं. म्हणाली, "धाकले मालक, जीव जाईल पर ह्ये मागं येणार न्हाई."

आबांनी आज एवढं डोकं लावलं. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

खालच्या रानात नुसत्या लेंड्या. पाल नाही, मेंढ्या नाहीत, कुत्रंसुद्धा नाही.

धावत घरी आलो. आबा पान लावत होते. म्हणाले, "धनगराचं बिऱ्हाड. आज इथं, उद्या तिथं. परभणीकडं गेलं आसंल. न्हाई घावलं तर पुढल्या साली बघू. कंपनी कुठं पळून जायलीय का?"

मी सायकल परभणीच्या रस्त्याला लावत होतो. मनकर्णा अंगणात शेणसडा टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "जिंतूरच्या वाटंला घाला."

"ती उलटी दिशा आहे."

"मेंढ्यायला काय म्हाईत."

गेलो. जिंतूरच्या अलीकडं, माळावर, कळप दिसला. येडबा पुढं. मागं तट्टू, त्यावर पाल, कोंबड्या, करडं. सगळ्यांच्या वर, उंच बांधलेलं, माझं पिवळं गाठोडं. कोंडाबाई तट्टाला धरून चालत होती.

"येडबा, तू इकडं कसा?"

"मोठ्या मालकाचा सांगावा आला रामपारी. म्हणले, येलदरीकडच्या रानात आजच बसीव मेंढ्या, खत पायजे."

आबांना कामाच्या गडबडीत प्रस्थानाचा विसर पडला असणार. या वयात होतं.

मी हात वर केला. कोंडाबाई आडवी आली.

"हितं न्हाई द्यायची."

"का?"

"हितं उचललं तर तुमी येलदरीला जायला निघालाव आसं व्हईल. जायचंय कुठं?"

"हैदराबादेला."

"मंग?"

"आगं, तू हे आणलंसच कशाला इकडं?"

"मागं फिरवायचं नसतंय म्हून. म्या फिरिवलं का? पुढंच घिऊन चालले."

येडबा म्हणाला, "मालक, तिच्याशी बोलून मलाबी कदी काई मिळालं न्हाई."

मी कायद्याच्या मार्गानं गेलो. तीन वर्षं वकिली न शिकल्याचा तेवढा उपयोग. म्हणालो, "कोंडाबाई, तट्टाचं तोंड परभणीकडं कर."

तिनं विचार केला. केलं.

"आता चार पावलं चालव."

चालवलं.

"आता तू हैदराबादेच्या वाटेवर आहेस."

तिनं गाठोडं सोडलं. पण हातात देताना म्हणाली, "सकाळधरनं बघायले, मेंढरं वर बघतच न्हाईत. तुमी वरून जाताल तवा मेंढरायला भिववू नका."

परत येईस्तोवर गाडीची वेळ गेली होती. आबा ओसरीवर होते. गाठोड्याकडं बघून म्हणाले, "घावला का येडबा?"

"घावला. जिंतूरच्या अलीकडं."

"येलदरीपातूर जा म्हणलं हुतं त्याला," ते स्वतःशीच म्हणाले. तिकडं चारा चांगला असावा.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार, परभणी स्टेशन

आजची गाडी मिळाली तर उद्या सकाळी पोचेन. नाही तर नाही.

छकडा जुंपला तर चाकाची खीळ नाही. आबा म्हणाले, "आता सुतार परवा येणार." मनकर्णेनं पदराखालून खीळ काढून दिली. कुठं सापडली म्हणून विचारलं. म्हणाली, मामंजींच्या पानाच्या डब्यात. वस्तू कुठं जाऊन पडतील सांगता येत नाही.

वेशीपाशी मागं वळून पाहिलं. आई उभी होती, मनकर्णा उभी होती. आबा नव्हते. ते छकड्याच्या पाठीमागून, अंतर ठेवून, चालत येत होते. मी हात केला. ते थांबले. मी पुढं निघालो की पुन्हा चालायला लागले. ओढ्यापर्यंत आले. पायांना व्यायाम बरा.

१६ फेब्रुवारी, हैदराबाद

स्टेशनवरून सरळ बेगमपेठ. तोंडसुद्धा धुतलं नव्हतं.

उमेदवार बाकावर ओळीनं बसले होते. कडक इस्त्री, छातीवर पट्ट्या. माझ्या धोतराला कुसळं होती. विजार ट्रंकेत, ट्रंक मामांच्या घरी.

खुर्ची. डॉक्टरांनी फिरवलं, थांबवलं. मी उठलो, रेषेवरून चाललो, वळलो, परत आलो. त्यांनी पुन्हा बसवलं आणि उलटं फिरवलं. मी पुन्हा चाललो. पट्टीवाल्यांपैकी एक माझ्या आधी भिंतीला जाऊन चिकटला होता.

"आधी कुठं फिरवलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"उसाच्या चरकावर."

त्यांनी ते लिहिलं नाही. पारा मी धरून ठेवला. डॉक्टरच म्हणाले, पुरे.

मग साहेब. गोरा, वयस्क, एका कानानं कमी ऐकणारा. शेजारी कप्तान मसूद. साहेबानं माझे कागद उचलले आणि नाकापासून लांब धरले. विचारलं, या कागदांना मेंढीचा वास का येतोय?

मी सगळं सांगितलं. दिशाशूळ, प्रस्थान, येडबा, तट्टू. कप्तान मसूद छताकडं बघत होते. साहेबानं वहीतून तांदळाचा दाणा काढून टेबलावर ठेवला.

मग तो प्रश्न आला.

मी म्हणालो, "कारण अजून नीट सापडलं नाही, साहेब. वर गेलो की मला भीती वाटते. पण परवा दिवसभर मी या कागदांमागं उलट्या दिशेला सायकल मारत होतो, आणि राहू द्यावं असं एकदाही वाटलं नाही. म्हणजे कारण असणार."

साहेबानं न ऐकू येणारा कान माझ्याकडं केला होता की ऐकू येणारा, ते लक्षात आलं नाही.

बाहेर आल्यावर कप्तान मसूद एवढंच म्हणाले, "मियाँ, भीतीचं कुणी विचारलं होतं?"

चूक नोंदवली.

२ मार्च, बोरी

मामांची तार. घेतलंय. शिकाऊ दुसरा वैमानिक.

आईनं गूळ वाटला. मनकर्णेनं तार दोन्ही बाजूंनी पाहिली आणि आपली ट्रंक माळ्यावरून काढायला सांगितली. आबांनी तार माझ्याकडून वाचून घेतली. मग पुन्हा वाचायला सांगितली.

"म्हणजे आता रोज?"

"आठवड्यातून तीनदा."

"बरं," आबा म्हणाले. मग खालच्या रानाकडं बघत बसले. खताचं काम यंदा राहून गेलं.

९ ऑगस्ट, हैदराबाद

आज प्रवाशांसह माझी पहिली फेरी. बंगळूर आणि परत. शेजारच्या जागेवर कप्तान मसूद.

चढणाऱ्या प्रवाशांत आबा होते. नवा फेटा, बंद गळ्याचा कोट. मला कळवलंसुद्धा नाही.

"आबा, तुमी कुठं?"

"बंगळूरला. रेशीम बघायचंय."

आमच्या घरात रेशमाचा धंदा कुणी केलेला नाही. पण माणसाला नवीन काही सुचत असेल तर अडवू नये.

बंगळूरला उतरल्यावर ते विमानाच्या पंखाखाली सावलीत बसून राहिले. रेशीम बघायला गेले नाहीत. त्याच विमानानं परतले.

१२ ऑगस्ट

आबा पुन्हा. आज मद्रास. मीठ बघायचंय म्हणाले.

१७ ऑगस्ट

आज कारणही सांगितलं नाही. सर्वांत पुढची जागा मागून घेतली, आमच्या दाराला लागून.

मनकर्णेला म्हणालो, म्हातारपणी आबांना विमानाचं वेड लागलंय. बोरी, बैल, रान, सगळं सटवाजीवर टाकून मामांकडं मुक्काम ठोकलाय. म्हणाली, "तुमाला ढगातलं लवकर दिसतंय."

आज ढग होते. चांगले काळे. विमान हललं. माझे तळहात ओले झाले, पण दांडा सुटला नाही. जरा शांत झाल्यावर मी दार ढकलून अर्धवट उघडं ठेवलं. नियमात बसत नाही. कप्तान मसूदांनी पाहिलं आणि पुन्हा समोर नजर लावली.

मागं वळलो. आबा ताठ बसले होते, दोन्ही मुठी गुडघ्यांवर, डोळे घट्ट मिटलेले. ओठ हलत होते. शेजारी खिडकीतून सबंध कृष्णा दिसत होती, पावसानं भरलेली, आणि तिच्यावर ऊन पडलं होतं.

इतक्या लांब येऊन माणसानं एकदाही बाहेर बघू नये, हे मला पटत नाही. उद्या सांगणार आहे त्यांना.